दगडावर वाचलेले सहा आकडे

यमुना आत्यावर अन्याय झाला तो गेल्या वर्षीच्या जुलैतल्या शेवटच्या शनिवारी, दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी. जागाही सांगते. आंबेगावच्या पश्चिमेला, धरणाच्या पाण्याच्या वर तिचं गाव आहे. तिथे देवळामागचा चढ चढून गेलं की एक काळा दगड लागतो, त्याला सगळे रेंजचा दगड म्हणतात. मिनिटासकट वेळ ठाऊक आहे, कारण तो मेसेज मी नंतर तिच्या मोबाइलमध्ये पाहिला. आधारच्या नावाने आलेले सहा आकडे. ते आत्याने फोनवर एका माणसाला वाचून दाखवले, वर्गात हजेरी घेते तसे, एकेक सुटा करून. पलीकडून तो म्हणाला, झालं बाई. आणि झालंच.

आता पुन्हा जुलै आलाय. नारायणगावला मी ज्या छपाईच्या दुकानात काम करते तिथे पावसाळ्यात कागद ओलसर होतो, मशीनमध्ये दोन-दोन ताव एकदम जातात आणि शाईला एक आंबट वास सुटतो. बाहेर टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेले टेम्पो चिखल उडवत बाजाराकडे जातात. गिऱ्हाइकं येतात ती क्लासची, बियाण्यांची, वाढदिवसाच्या फ्लेक्सची. आणि रिटर्नवाली. 'आयकर रिटर्न भरून मिळेल' एवढी एक ओळ कुणी छापायला आणली की मी हातातलं काम थांबवते. वर्ष झालं. अजून थांबवते.

आत्या आमच्याकडच्या आश्रमशाळेत शिक्षिका आहे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. पगार बँकेत येतो, त्यातून कर कापूनच येतो, आणि दर जूनमध्ये शाळेकडून तिला फॉर्म सोळा मिळतो, म्हणजे वर्षाचा पगार किती आणि कर कापला किती याचा दाखला. एवढाच कागद. त्याच्या आधारे वर्षातून एकदा रिटर्न भरायचं. हे काम कसं करायचं याचे तिच्यापुढे खरं तर तीन रस्ते होते. मंचरला सीए बसतात, पण जाऊन येऊन रजा पडते आणि फी वेगळी. स्वतः मोबाइलवर भरायचं, तर भीती. भीती कसली, हे तिला नीट सांगता येत नाही. तीस वर्षं मुलांच्या चुका लाल शाईने दुरुस्त करणारी बाई सरकारी स्क्रीनपुढे बसली की तिचं बोट हवेतच थांबतं. चुकून भलतंच दाबलं गेलं तर? पेन्शन अडली तर? मग राहिला तिसरा रस्ता. आळेफाट्याचा माणूस.

त्याचं नाव मी घेणार नाही. नाव घेतलं की लोकांना वाटतं प्रश्न एका माणसाचा आहे. आळेफाट्याला नाशिककडे जाणारे ट्रक जिथे उभे असतात तिथे एका गॅरेजच्या वर त्याची खोली आहे. डिझेल, भजी आणि ओल्या टायरचा वास जिन्यातून तुमच्याबरोबर वर चढतो. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि भिंतीला टेकवलेल्या पिशव्या. प्रत्येक पिशवीवर एका शाळेचं, एका डेपोचं, एका कारखान्याचं नाव. माणूस वाईट दिसत नाही. चहा मागवतो. पावणं, बसा, म्हणतो.

आत्याच्या शाळेची पिशवीही तिथेच गेली. आणि ती कशी गेली हे समजायचं असेल तर आमच्या डोंगरातली पडकई माहीत हवी. भाताची खाचरं उतारावर असतात. त्यांचे बांध घालायचं काम एका घराच्या आवाक्यातलं नाही. म्हणून गावातली घरं मिळून पाळी लावतात. आज तुझ्या शेतावर सगळे, उद्या माझ्या. ज्याची पाळी त्याने जेवण घालायचं. कोणाचा बांध चार हात लांब झाला, कोणाचा दोन हात आखूड, हे कोणी मोजत नाही. मोजणं वाईट दिसतं. विचारणं तर त्याहून वाईट. लहानपणी मी एकदा पडकईत, आपल्या शेतावर कमी माणसं का आली, असं मोठ्याने विचारलं होतं. आजही घरी त्यावरून मला बोलतात.

शाळेतल्या नऊ जणांनी रिटर्नचीही पडकईच केली. नऊ फॉर्म सोळा, नऊ पॅनकार्डांच्या झेरॉक्स, नऊ आधार, सगळं तांदळाच्या एका रिकाम्या पिशवीत. गणिताचे सर मोटारसायकलवरून ती पिशवी आळेफाट्याला देऊन आले. माझ्या रिटर्नमध्ये काय लिहिलंय, असं नऊमधल्या एकानेही विचारलं नाही. सगळ्यांचं सारखंच करा, एवढा निरोप सरांच्या तोंडी गेला. त्या माणसाने सगळ्यांचं सारखंच केलं.

तो शनिवार मला आत्याने इतक्या वेळा सांगितलाय की मी तिथे असल्यासारखी तो पाहते. सकाळची शाळा सुटलेली. भाताची आवणी ऐन भरात. सरीवर सर येतेय, समोरचा डोंगर दिसतोय आणि पुसला जातोय. आत्या साडी खोचून, पोटऱ्यांपर्यंत चिखलाने भरलेली, हातात रोपांची मूठ तशीच धरून, खाचरातून थेट चढ चढून आली, कारण सरांनी निरोप पाठवला होता की आकडे यायला लागलेत आणि पंधरा मिनिटांत सांगितले नाहीत तर वाया जातात. दगडाजवळ नऊ जण. कुणाच्या डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, कुणाच्या घोंगडीची खोळ, एकच छत्री आणि तीही मोबाइलवर धरलेली. एकेकाचा फोन वाजतो, एकेक जण दगडावर चढतो, आकडे वाचतो, उतरतो. चेष्टा चाललेली. सर म्हणत होते, यमुनाबाई, चिखलाचा हात लावू नका, सरकारला वाटंल सारवायला आल्या. सगळे हसले. आत्या सांगताना अजूनही त्या जागी हसते.

गणपतीच्या आधी रिफंड आले. नऊच्या नऊ जणांचे. शाळेत पेढे वाटले गेले. आत्याने त्या पैशातून घराचे गळके पत्रे बदलले. गौरींना मी गेले तर ती मला आत नेऊन वर बघ म्हणाली. नवे पत्रे, त्यावर पावसाचा आवाज एवढा मोठा की आम्ही ओरडून बोलत होतो. मला अभिमान वाटला. तो का वाटला, हे पुढे सांगते. सांगायचं टाळतेय हे माझ्याही लक्षात येतंय.

डिसेंबरात दुकानात जुन्या वर्तमानपत्रात पत्रकं बांधत होते. एका पानावर बातमी दिसली: खोट्या वजावटी दाखवून रिफंड घेतलेल्या लोकांना मेसेज जातायत, वर्ष संपायच्या आत रिटर्न दुरुस्त करा. मी सुतळी तशीच टाकली. आत्याला फोन लावला तर लागेना. अर्थात लागेना. दगडावर जाईल तेव्हा लागेल. रविवारी पहाटेची गाडी धरली, मंचरला उतरले, घोडेगावला दुसरी, तिथून जीप. खिडकीतून धुकं आत येत होतं आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. आत्याला मेसेज आलाच नसेल. मेसेज आला नाही म्हणजे सगळं ठीक असेल.

मेसेज आला नव्हता हे खरं. का आला नव्हता, ते दगडावर कळलं. आम्ही दोघी वर गेलो, पासवर्ड विसरलो असं आयकराच्या पोर्टलला सांगितलं, आधारवर आकडे मागवले, आत शिरलो. आत्याच्या नावाखाली, तिच्या जन्मतारखेखाली, संपर्काच्या रकान्यात आळेफाट्याच्या माणसाचा मोबाइल नंबर होता. ईमेलही त्याचाच. सरकार आत्याशी बोलत होतं आणि ऐकत होता तो. इशारे येऊन पडले होते त्याच्या फोनमध्ये, कुठे तरी भज्यांच्या बिलांच्या आणि लोनच्या जाहिरातींच्या मधे.

मग मी रिटर्न उघडलं आणि वाचायला लागले. आत्या घरभाडं भरते. कोणाला, तर नाव होतं गणिताच्या सरांचं. आत्याचं घर तिच्या सासऱ्याने बांधलेलं. आत्याने एका पक्षाला देणगी दिली. तो पक्ष तिने ऐकलेलाही नाही. पुढच्या ओळीवर मी थांबले. थंडी होती, बोटं वळत नव्हती, म्हणून थांबले असं तिला वाटलं असावं.

"वाच की," ती म्हणाली.

"आत्या, तुला अपंगत्व आहे असं लिहिलंय. गंभीर."

तिने आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग खाली गावाकडे, आपल्या घराकडे. ओटीवर तिचा दीर बसलेला इथूनही दिसत होता, उन्हात, एक पाय सरळ पसरून.

"सखारामला सांगू नको," ती म्हणाली.

सखाराम मामा बारा वर्षांपूर्वी हिरडे झोडपताना झाडावरून पडले. तेव्हापासून त्यांचा डावा गुडघा वळत नाही. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी ते तीनदा पुण्याला गेलेत. पहिल्यांदा डॉक्टर रजेवर. दुसऱ्यांदा वार चुकला. तिसऱ्यांदा सांगितलं, आधी ऑनलाइन करून या. ऑनलाइन म्हणजे हा दगड, आणि ह्या दगडावर मामांना चढता येत नाही. आमच्या खोऱ्यात ज्याचा गुडघा खरंच गेलाय त्याच्याकडे कागद नाही, आणि त्याच गावच्या शाळेत आवणी करणाऱ्या, फुटबॉल शिकवणाऱ्या, मोटारसायकल मारणाऱ्या नऊ धडधाकट माणसांच्या नावावर गंभीर अपंगत्व नोंदलेलं. बाकी आठ जणांचं मी नंतर पाहिलं. सारखंच होतं. सगळ्यांचं सारखंच करा, असा निरोपच होता.

मी भडकले. मला भडकायला येतं, तेच माझं काम आहे. वनहक्काच्या दाव्यांवर, वसतिगृहातल्या जेवणावर, बंद पडलेल्या एसटीवर मी पत्रकं लिहिलीत. पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला ते लिहायचं, शेवटच्या ओळीत काय करायचं ते. मधे रडायचं नाही. दगडावरूनच मी आळेफाट्याला फोन लावला आणि जे तोंडात येईल ते बोलले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, हात लावू नका, हजारात एखाद्याचं बघतात, बघितलं तर मी आहे. मी म्हटलं, तुम्ही लोकांना फसवलंत. तेव्हा तो हसला. खरंच हसला, वाईट नाही, ओळखीचं हसला.

"ताई, पत्रक तर तुमचंच व्हतं की."

होतं. गेल्या वर्षी जूनमध्ये तो दुकानात आला, रिटर्न भरून मिळेल एवढीच ओळ घेऊन. मला ती ओळ मेलेली वाटली. त्याला विचारलं, काय करता नेमकं? तो म्हणाला, लोकांचा कापलेला टॅक्स परत मिळवून देतो. बस, मला तेवढंच पुरलं. कापलेला, परत, लोकांचा. माझे शब्द होते ते. मी त्याला अर्ध्या तासात पत्रक लिहून दिलं, एका बाजूने छापलेलं, मागची बाजू कोरी: 'तुमच्या घामाचा पैसा न विचारता कापला गेला आहे. तो परत मागणं ही भीक नाही, तुमचा हक्क आहे. गप्प बसू नका.' कसा मिळवून देतो, हे मी विचारलं नाही. लिहिण्याचे वेगळे पैसेही घेतले नाहीत. चळवळीचंच काम आहे असं वाटलं मला. म्हणून ते नवे पत्रे बघून मला अभिमान वाटला होता.

फोन ठेवला तेव्हा आत्या माझ्याकडे बघत होती. तिने ऐकलं होतं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, मला ठाऊक व्हतं. पत्रक शाळेच्या फळ्याशेजारी लावलेलं, ते वाचूनच ओळखलं. तुझ्याच शब्दांत व्हतं, म्हणून तर दिली पिशवी.

मला आजही पुष्कळ गोष्टींची भीती वाटते. नोटिशीची वाटते, आत्याच्या पेन्शनची वाटते. पण त्या वाक्याएवढी दुसऱ्या कशाची वाटत नाही. गप्प बसू नका असं लिहून मी लोकांना नेमकं गप्प बसवलं होतं.

खाली उतरल्यावर आत्याने सरांना निरोप धाडला. संध्याकाळी गणिताचे सर आले. त्यांचं तोंड उतरलं होतं. ते म्हणाले ते खोटं नव्हतं: यमुनाबाईंनी एकटीनं दुरुस्त केलं तर बाकी आठ उघडे पडतात. भाडं माझ्या नावावर दाखवलंय, मग मला विचारतील. सगळ्यांनी एकदम गप्प राहिलं तर निभावून जाईल. गावात आजवर पडकईतून कोणी एकटं उठून गेलेलं नाही, हेही ते म्हणाले. चुलीवर चहा उतू जात होता आणि कोणाचं लक्ष नव्हतं. मला वाटलं आत्या आता मान हलवेल. ती जन्मभर सगळ्यांबरोबर राहिलेली बाई आहे. दोन वर्षं काढायची, निवृत्त व्हायचं, एवढंच तर उरलंय. आणि मी तिला काय सांगणार होते? कोणत्या तोंडाने?

सखाराम मामा ओटीवरून आत आले, काठी टेकत. त्यांना काही सांगायचं नव्हतं, पण भिंती कुडाच्या आहेत.

"नऊ जणांना मिळालं म्हनं," ते म्हणाले. "त्याला इचारा, दहावा हाय एक. खरा हाय. पुण्याला तीन येळा जाऊन आलाय."

कोणी हसलं नाही. मामा स्वतः मात्र हसत होते, आणि काठीच्या टोकाने जमिनीवर रेघ ओढत होते. सरांनी मान खाली घातली. आत्याने चहाचं पातेलं उतरवलं, सगळ्यांना दिला, मामांना आधी. मग सरांना म्हणाली, पडकई पडकईच राहू द्या सर. पहिली पाळी माझ्या शेतावर.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा दगडावर. या वेळी मी टाइप करत होते आणि ती प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत होती. आधी मोबाइल नंबर बदलला. भाडं काढलं. देणगी काढली. अपंगत्वाची ओळ तिने मला काढू दिली नाही. स्वतःच्या बोटाने काढली, ते हवेत थांबणारं बोट. परत करायचा आकडा आला, वर व्याज. तिने पोस्टातली ठेव मोडली आणि पैसे भरले. पत्रे मात्र तसेच आहेत, आणि पाऊस पडला की त्यांच्याखाली मला बसवत नाही.

तिच्यानंतर पाच जणांनी दुरुस्त केलं, सर त्यात तिसरे. तिघांनी नाही केलं. त्यांच्याशी मी भांडले नाही. त्यातले एक मला बाजारात दिसले की रस्ता बदलतात. मामांचा अर्ज मी नारायणगावातून, दुकानाच्या कॉम्प्युटरवरून भरला. अजून तारीख आलेली नाही. आत्याच्या दुरुस्तीवरही अजून कसलं उत्तर नाही. आता इशारे तिच्याच फोनवर येतात, म्हणून ती दर रविवारी चढ चढून जाते, फोन वर धरते, काही आलं का बघते. काही आलं नाही की तिला बरं वाटत नाही. आलं असतं तरी वाटलं नसतं. मी तिथे असले की खाली थांबते आणि तिच्या चालीवरून ओळखायचा प्रयत्न करते.

परवा तिने यंदाचं रिटर्न स्वतः भरलं. चाळीस मिनिटं लागली. पगार, कापलेला कर, बस. एवढंच होतं सगळं. ह्या एवढ्याशा गोष्टीला आम्ही इतकी वर्षं घाबरत होतो. आकडे आले तेव्हा ती नेहमीसारखी मोठ्याने वाचायला लागली आणि मधेच थांबली, कारण ऐकायला पलीकडे कोणी नव्हतं. मग मनातच वाचून तिने ते टाकले. खाली खाचरात बायका वाकल्या होत्या. ती मोबाइल पिशवीत गुंडाळून त्यांच्यात जाऊन वाकली. जरा वेळाने मला कळेना, त्यातली आत्या कोणती.

माझं ते पत्रक आळेफाट्यापासून पिंपरी पेंढारपर्यंत आणि इकडे वारूळवाडीत दुकानादुकानांत वाटलं गेलं. एखादं अजून तुमच्या घरात असेल, फ्रिजखाली, वहीत, रेशनकार्डाच्या पिशवीत. ते फाडू नका. शोधा. उलटं करा, मागची बाजू कोरी आहे. त्यावर स्वतःच्या हाताने लिहा: तुमचा पगार किती, तुम्ही राहता ते घर कोणाचं, देणगी कोणाला दिलीत, तुमच्या घरात खरंच आजारी कोण, अधू कोण. मग ज्याच्याकडे तुमची पिशवी आहे त्याच्यासमोर जाऊन बसा आणि म्हणा, माझं रिटर्न उघड, मला वाचायचंय. नंबर कोणाचा टाकलाय ते आधी बघा. मग ओळीला ओळ लावा. एक जरी ओळ तुमच्या हातच्या ओळीशी जुळली नाही, तर फोनवर आलेले सहा आकडे त्याला वाचून दाखवू नका.